ताटात काय नाही

पायांना मुंग्या येत होत्या. बराच वेळ मांडी घालून बसलं की येतात तशाच, फक्त उठून चाललं तरी जात नव्हत्या. मी दुर्लक्ष केलं. मग जिने चढताना धाप लागू लागली, ऐनवेळी साधे शब्द आठवेनात, आणि शेवटी रक्ततपासणी झाली. ब-१२ जीवनसत्त्वासमोर आकडा होता ११८. किमान पातळी शेजारीच छापलेली होती, २००. "मांसाहार करता?" डॉक्टरांनी विचारलं. "छे, जन्मापासून शाकाहारी," मी म्हणालो. बोलता बोलताच जाणवलं की आवाज किंचित ताठ झालाय. समोर स्वतःच्या मज्जातंतूंच्या दुरवस्थेचा कागद पडलेला आणि मी खाण्याच्या शुद्धतेची ग्वाही देतोय! डॉक्टर काही बोलले नाहीत. त्यांनी इंजेक्शनं लिहून दिली.

मी आजही शाकाहारी आहे आणि पुढेही राहणार आहे, तेव्हा हा लेख फितुराचा समजू नये. पण "शाकाहार म्हणजेच आरोग्य" हे वाक्य मी तेव्हापासून उच्चारत नाही, आणि "कच्चं खा, निरोगी राहा" हे ऐकलं की गप्प बसवत नाही.

मुळात 'शाकाहारी' हा शब्दच गमतीचा आहे. ताटात काय नाही, एवढंच तो सांगतो. बटाट्याचे वेफर्स, मैद्याची बिस्किटं, साखर ओतलेली शीतपेयं, वनस्पती तुपात तळलेलं काहीही, सगळं निर्विवाद शाकाहारी. 'कच्चा आहार' त्याच्याही पुढे जातो. पदार्थ कोणता हेही तो सांगत नाही, त्याला आच लागलेली नाही एवढंच सांगतो. अशा नकारांवरून तब्येतीचा अंदाज बांधायचा म्हणजे माणूस कुठल्या गावचा नाही हे ऐकून त्याचं घर शोधायला निघायचं.

तरी आकडे आधी पाहू, कारण ते शाकाहाराच्या बाजूने बरंच बोलतात. ब्रिटनमध्ये १९९३ साली सुरू झालेला 'एपिक-ऑक्सफर्ड' नावाचा मोठा अभ्यास आहे. त्यातल्या ४८ हजारांवर लोकांचा सुमारे १८ वर्षांचा हिशेब २०१९ साली प्रसिद्ध झाला. शाकाहाऱ्यांमध्ये रक्तवाहिन्या अरुंद झाल्याने होणारा हृदयविकार मांसाहाऱ्यांपेक्षा २२ टक्क्यांनी कमी आढळला. पक्षाघात मात्र २० टक्क्यांनी जास्त. टक्के ऐकले की उगाच छातीत धस्स होतं, म्हणून तोच हिशेब माणसांत सांगतो. दर हजार लोकांमागे १० वर्षांत हृदयविकाराचे १० रुग्ण कमी, पक्षाघाताचे ३ जास्त. सौदा वाईट नाही, पण सौदाच आहे. त्याच अभ्यासात पुढच्या वर्षी हाडांचा हिशेब आला. दूध आणि अंडीही वर्ज्य करणाऱ्यांमध्ये, म्हणजे व्हीगन मंडळींमध्ये, खुब्याचं हाड मोडण्याचं प्रमाण मांसाहाऱ्यांच्या दुपटीहून अधिक होतं.

अमेरिकेतल्या सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या लोकांचा अभ्यास शाकाहाराचे समर्थक हमखास पुढे करतात. ७३ हजार लोक, २०१३ सालचा निष्कर्ष, शाकाहाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण १२ टक्क्यांनी कमी. खरं आहे. पण हा पंथ मुळातच तंबाखू आणि दारूपासून लांब राहायला सांगतो. संशोधक अशा गोष्टी गणितातून वजा करतात हे मान्य, पण माणसाचं सगळं जगणं वजा करता येत नाही. तिकडे एपिक-ऑक्सफर्डमध्ये एकूण मृत्यूंचा हिशेब केला तर शाकाहारी आणि मांसाहारी जवळजवळ बरोबरीत निघाले. तिथले मांसाहारीही तब्येतीला जपणारेच होते, हे त्याचं एक कारण असावं.

मला त्याहून बोलका वाटतो तो २०१७ साली आलेला एक अभ्यास. अमेरिकेतल्या दोन लाखांवर आरोग्य-कर्मचाऱ्यांच्या खाण्याच्या नोंदी संशोधकांनी दोन फुटपट्ट्यांनी मोजल्या. एका फुटपट्टीवर अख्खी धान्यं, कडधान्यं, फळं, भाज्या, सुकामेवा यांना गुण. दुसऱ्या फुटपट्टीवर मैदा, गोड पेयं, मिठाई यांना गुण. दोन्हीकडचे पदार्थ वनस्पतीपासूनच आलेले. पहिल्या फुटपट्टीवर वरच्या टोकाला असलेल्यांचा हृदयविकाराचा धोका खालच्या टोकाच्या मानाने २५ टक्क्यांनी कमी होता, दुसऱ्या फुटपट्टीवर वरच्या टोकाला असलेल्यांचा ३२ टक्क्यांनी जास्त. म्हणजे एकाच वनस्पतिसृष्टीतून औषधही निघालं आणि रोगही.

यावर कुणी म्हणेल, मांस वाईट हे तर जागतिक आरोग्य संघटनाच सांगते. ती सांगते ते नेमकं असं आहे. तिच्या कर्करोग-संशोधन संस्थेने २०१५ साली प्रक्रिया केलेल्या मांसाला, म्हणजे सॉसेज, बेकन, हॅम यांना, कर्करोगकारक ठरवलं. रोज ५० ग्रॅम खाल्ल्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो. लाल मांसाबद्दल 'बहुधा' एवढाच शब्द वापरला. मासे आणि कोंबडी त्या निवाड्यात नव्हतीच. आपण मात्र सगळ्यांना एकाच दोरीने बांधतो.

आता माझ्या ११८ कडे येतो, कारण या सगळ्या वादाची मेख तिथे आहे असं माझं मत झालंय.

ब-१२ वनस्पती बनवत नाही. प्राणीही बनवत नाहीत. ते फक्त सूक्ष्मजंतू बनवतात. गाईच्या पोटातल्या जंतूंनी केलेलं ब-१२ तिच्या मांसात आणि दुधात उतरतं आणि तिथून आपल्याकडे येतं. प्रौढ माणसाला दिवसाला लागतं ते २.४ मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचे दहा लाख भाग केले तर त्यातले अडीचसुद्धा नाहीत. एक ग्लास दुधात साधारण एक मायक्रोग्रॅम मिळतं. माझ्या पोटात दूध जायचं ते चहातून, नावापुरतं. स्पिरुलिनासारख्या शेवाळात भरपूर ब-१२ असतं असं पाकिटांवर छापलेलं असतं, पण त्यातलं बहुतेक ब-१२ चं सोंग घेतलेलं रसायन असतं, शरीराच्या कामाचं नाही.

पण खरी गंमत पुढे आहे. आपलं यकृत ब-१२ चा साठा करून ठेवतं, काही मिलिग्रॅमचा, आणि रोजचा खर्च मायक्रोग्रॅममध्ये. त्यामुळे आवक पूर्ण थांबली तरी वर्षानुवर्षं भागतं. आता विचार करा. एखाद्याने सगळं प्राणिजन्य सोडलं, बाहेरचं तळलेलं सोडलं, भाज्या-फळं वाढवली. सहा महिन्यांत वजन उतरलं, पोट साफ राहू लागलं, चेहरा उजळला. तो चारचौघांना सांगत सुटतो, व्हिडिओ करतो, आणि त्यातला शब्दन् शब्द खरा असतो. फक्त या काळात त्याचं शरीर पूर्वीच्या ठेवीवर जगत असतं. ठेव मोडून खाणाऱ्यालाही पहिली काही वर्षं आपण श्रीमंत झाल्यासारखंच वाटतं. साक्ष पहिल्या वर्षी दिली जाते, बिल पाचव्या-सहाव्या वर्षी येतं, आणि तेव्हा व्हिडिओ कुणी करत नाही.

त्यात आणखी एक मेख. हिरव्या भाज्यांत फोलेट हे आणखी एक ब जीवनसत्त्व भरपूर असतं, आणि भरपूर फोलेट मिळालं की ब-१२ च्या कमतरतेने होणारा रक्तक्षय झाकला जाऊ शकतो. रक्ताचे आकडे बरे दिसतात आणि मज्जातंतूंची झीज आत चालूच राहते. म्हणजे जितका भाज्यांचा निष्ठावंत, तितकी धोक्याची घंटा उशिरा वाजण्याची शक्यता.

१९२६ साली जॉर्ज मायनॉट आणि विल्यम मर्फी या अमेरिकी डॉक्टरांनी दाखवून दिलं, की तोवर प्राणघातक समजल्या जाणाऱ्या एका रक्तक्षयाचे रोगी रोज पाव किलोच्या आसपास यकृत खाऊ घातल्यावर सुधारतात. त्याबद्दल १९३४ चं नोबेल मिळालं. यकृतातला तो पदार्थ वेगळा काढता आला १९४८ साली, तोच ब-१२. आता ते टाक्यांत जंतू वाढवून तयार करतात आणि गोळीच्या रूपात मिळतं. या गोळीत प्राणी कुठेच येत नाही. म्हणजे शाकाहारातली सर्वांत मोठी त्रुटी एका गोळीने भरून निघते. मग मी ती गोळी आधीच का घेतली नाही? कारण "आमचा आहार परिपूर्ण आहे" असं एकदा म्हटलं की गोळी घेणं म्हणजे हार मानणं होतं. माझ्या पायांना मुंग्या आल्या त्या या वाक्यामुळे, भाजीमुळे नव्हेत. गंमत म्हणजे 'व्हीगन सोसायटी', जी १९४४ पासून या विचाराचा प्रचार करते, ती स्वतःच ब-१२ बाहेरून घ्यायला सांगते. अत्यंत कडक मंडळी त्यामुळे पुष्कळदा सुरक्षित राहतात. अडकतात ते माझ्यासारखे वंशपरंपरागत, कधी पुस्तक न उघडलेले शाकाहारी.

लोहाबद्दल थोडक्यात. वनस्पतींतलं लोह मांसातल्या लोहापेक्षा कमी शोषलं जातं. जेवणात आंबट काही असलं, म्हणजे क जीवनसत्त्व, तर शोषण वाढतं. जेवणाला लागून चहा घेतला तर घटतं. पालकात लोह खूप असतं ही समजूत ज्याने पसरवली त्याने पालकाचं भलं केलं, आपलं नव्हे.

कच्च्या आहाराचं प्रकरण वेगळं आहे. त्याची भरपाई गोळीने होत नाही.

माझी एक मैत्रीण, कॉलेजपासूनची, तिने दोन वर्षांपूर्वी चूल सोडली. तिच्या स्वयंपाकघरात एक छोटा थर्मामीटर लटकत असायचा आणि सुकवण्याचं एक यंत्र रात्रंदिवस घरघरत असायचं, कारण ४२ अंशांवर गेलं की अन्न 'मरतं'. ती फोनवर म्हणायची, "अरे, इतकं हलकं वाटतं ना, सांगता येत नाही." आठव्या महिन्यात तिची पाळी थांबली. तिच्या गटातल्यांनी सांगितलं, की शरीर शुद्ध झालं, आता बाहेर टाकायला घाण उरली नाही. एरवी औषधाच्या गोळीवरची बारीक अक्षरं वाचल्याशिवाय ती न गिळणारी ही बाई, तिने हे तीन महिने मानलं.

जर्मनीत गिसेन इथल्या संशोधकांनी १९९९ साली नेमकं हेच मोजलं होतं. दीर्घकाळ कच्च्यावर राहणाऱ्या ५०० वर लोकांच्या त्या पाहणीत, ४५ वर्षांखालच्या बायकांपैकी सुमारे ३० टक्के जणींची पाळी अनियमित झाली होती किंवा पुरती थांबली होती. आहारातलं कच्च्याचं प्रमाण जितकं जास्त, तितकं हे जास्त. याला शुद्धी म्हणत नाहीत. पुरेशी ऊर्जा मिळेनाशी झाली की शरीर जी खाती आधी बंद करतं त्यातलं प्रजननाचं एक. त्याच गटाच्या २००५ सालच्या अभ्यासात कच्चं खाणाऱ्यांचं वाईट कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, छान कमी निघाली, हेही सांगायला हवं. आणि त्यांच्यातल्या ३८ टक्क्यांना ब-१२ कमी होतं, हेही.

चूल सोडण्यामागचा मुख्य युक्तिवाद एन्झाइमांचा. शिजवल्याने अन्नातली 'जिवंत' एन्झाइमं मरतात आणि पचनाचा सगळा भार आपल्यावर पडतो, असं म्हणतात. एन्झाइम म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारं प्रथिन. ते जठरातल्या तीव्र आम्लात पडलं की बहुतेकांची घडी मोडते आणि इतर प्रथिनांसारखे तुकडे होतात. शिवाय गाजरातली एन्झाइमं गाजराने स्वतःच्या कामासाठी बनवलेली असतात. आपण आपल्याला खाणाऱ्याचं पचन सोपं व्हावं म्हणून काही करून ठेवतो का?

दुसरा युक्तिवाद, कुठलाही प्राणी अन्न शिजवत नाही. बरोबर. म्हणूनच चिंपांझी दिवसातले पाच-सहा तास नुसते चावत असतात. त्यांचे जबडे पाहा, दात पाहा, आणि मग आरशात पाहा. मानववंशशास्त्रज्ञ रिचर्ड रँगम यांचं म्हणणं आहे, की आपला लहान जबडा, आखूड आतडं आणि अवाढव्य मेंदू ही चुलीचीच देणगी आहे. तारखांबद्दल तज्ज्ञांत मतभेद आहेत. पण दक्षिण आफ्रिकेतल्या वंडरवर्क गुहेत सुमारे १० लाख वर्षांपूर्वीची राख सापडली आहे. चूल आपल्या माणूसपणाहून जुनी निघते. 'निसर्गाकडे परत' म्हणत चूल विझवायची तर नेमक्या कुठल्या निसर्गाकडे जायचं?

आणि शिजवण्याने होतं काय, ते प्रत्यक्षच पाहा. कच्च्या गाजराचा तुकडा दाताखाली कडकन मोडतो. तो कडकपणा पेशीभित्तिकांचा. बीटा-कॅरोटीन, ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवतं, ते त्या भिंतींच्या आत कोंडलेलं असतं, आणि आपण कितीही चावलं तरी बऱ्याच पेशी अख्ख्याच पुढे जातात. उकळत्या पाण्यात भिंतींना धरून ठेवणारं पेक्टिन विरघळतं, तुकडा बोटाने दाबला तरी मऊ लागतो, आणि आतला ऐवज बाहेर येतो. जोडीला थोडं तेल असलं तर तो शोषलाही जातो, कारण कॅरोटीन चरबीत विरघळतं, पाण्यात नाही. टोमॅटोवर २००२ साली झालेल्या एका प्रयोगात ८८ अंशांवर अर्धा तास गरम केल्यावर लायकोपिन, म्हणजे टोमॅटोला लाल करणारं द्रव्य, कच्च्याच्या अडीच पटीहून अधिक मिळालं. क जीवनसत्त्व मात्र २९ टक्क्यांनी घटलं. अंड्याचं प्रथिन शिजवलेलं असेल तर सुमारे ९१ टक्के पचतं, कच्चं असेल तर ५१. हा आकडा बेल्जियमच्या संशोधकांनी १९९८ साली काढला. तालमीत कच्ची अंडी घशाखाली ओतणाऱ्यांनी जरा बेरीज-वजाबाकी करावी.

कच्च्याची बाजूही आहेच. क जीवनसत्त्व उष्णतेने घटतं आणि उकळलेलं पाणी ओतून दिलं तर त्यासोबत जातं. ब्रोकोलीतलं सल्फोराफेन नावाचं उपयुक्त मानलं जाणारं द्रव्य तयार व्हायला जे एन्झाइम लागतं ते जास्त शिजवल्यावर निकामी होतं. एन्झाइमवाल्यांचा हा एक मुद्दा खरा. स्टार्च असलेले पदार्थ १२० अंशांच्या वर तळले-भाजले की ॲक्रिलामाइड हे कर्करोगाचा संशय असलेलं रसायन तयार होतं, हे २००२ साली स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं. पण हा खटला कढईवर आणि भट्टीवर आहे. पाण्यात शिजवण्यावर नाही, कारण साधं पाणी उघड्या भांड्यात १०० च्या वर जातच नाही. रोज वाटीभर कोशिंबीर आणि दोन फळं खाणाऱ्याशी माझं भांडण नाहीच. भांडण चूल विझवणाऱ्याशी आहे.

कारण चूल फक्त मऊ करत नाही, विषही उतरवते. राजम्याच्या कच्च्या दाण्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं लेक्टिन, म्हणजे एक विषारी प्रथिन, असतं. चार-पाच दाण्यांनीही काही तासांत उलट्या-जुलाब सुरू होऊ शकतात. रात्रभर भिजवून, पाणी फेकून, खदखदून उकळले की ते निष्प्रभ होतं. अर्धवट गरम करणं, म्हणजे ८० अंशांवर रेंगाळत ठेवणं, कच्च्याहून वाईट ठरू शकतं. कसाव्हाच्या कंदात सायनाइड सोडणारी द्रव्यं असतात. आफ्रिकेत तो नीट प्रक्रिया न करता खाल्ल्यामुळे पाय कायमचे लुळे पडण्याचा कोंझो नावाचा आजार होतो. मोडांचं काय? २०११ साली जर्मनीत ई-कोलाय जंतूची मोठी साथ आली. जवळजवळ चार हजार लोक आजारी पडले, पन्नासहून अधिक दगावले. माग काढत गेल्यावर निघाले मेथीचे मोड. दाण्याला मोड यायला लागते ती ऊब आणि ओल जंतूंनाही तितकीच मानवते.

एवढं सगळं असूनही मी शाकाहारी का, असं विचारलं जातं. उत्तर सोपं आहे. उद्या एखाद्या पक्क्या अभ्यासाने सांगितलं, की मांस खाऊन दोन वर्षं जास्त जगता येतं, तर मी खायला लागेन का? नाही. म्हणजे आरोग्य हे माझं कारण कधी नव्हतंच. मला जनावर मारून खायचं नाही, एवढंच ते. हे कारण स्वतःच्या पायावर उभं राहू शकतं, त्याला डॉक्टरचा पांढरा कोट चढवायची गरज नाही. उलट कोट चढवला की घोटाळा होतो. मग कमतरता दिसली तरी मान्य करता येत नाही, कारण ती मान्य केली तर नीतीच डळमळेल असं वाटतं.

आणि मोठ्यांनी स्वतःच्या जिवावर काय प्रयोग करायचे ते करावेत, पण बाळाला कुणी विचारत नाही. आईला ब-१२ कमी असेल तर तिच्या दुधातही ते कमी उतरतं. फक्त अंगावर पिणारी अशी बाळं चार-सहा महिन्यांनी मलूल होतात, मान धरायची ती सोडतात, शिकलेलं हसणं विसरतात. वैद्यकात याच्या नोंदी भरपूर आहेत. उपचार वेळेत झाले तर बाळ सावरतं, उशीर झाला तर काही नुकसान राहूनही जातं. यकृतातली ठेव मोठ्या माणसाकडे असते. बाळ जवळपास रिकाम्या खिशाने येतं.

मैत्रिणीचा परवा फोन आला. बोलता बोलता मागे काहीतरी रटरटताना ऐकू आलं. मी विचारलं, "काय शिजतंय गं?"

"डाळ," ती म्हणाली. "आणि एक शब्द बोलू नकोस."